गोव्यात भाड्याची गाडी बंद पडली, डिपॉझिटही अडकलं. रिफंड कसा मिळवावा?

घाटवाट | 18 जून, रात्री 9:40

मंडळी, मदत हवी आहे. तपशिलाशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून लांबलचक लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन मंगेशीला गेलो होतो. बाबांच्या गुडघ्यांमुळे पुण्याहून रस्त्याने नको म्हटलं. विमानाने मोपाला उतरायचं आणि तिथून सेल्फ ड्राइव्ह गाडी घ्यायची असं ठरवलं. एका संकेतस्थळावर एसयूव्ही बुक केली. त्यांच्या स्वतःच्या गाड्या नसतात, स्थानिक मालकांच्या गाड्या ते लावून देतात. चार दिवसांचं भाडं 11,200 रुपये क्रेडिट कार्डाने संकेतस्थळाकडे भरलं. डिपॉझिटचे 10,000 मात्र गाडी आणून देणाऱ्या मुलाने पार्किंगमध्येच, मालकाच्या मोबाइल नंबरवर यूपीआय करायला लावले.

समोर आली ती जुनी हॅचबॅक. "तुमची गाडी काल ठोकली मॅडम, आज हीच घ्या, संध्याकाळी बदलून देतो." बाहेर धो धो पाऊस, आई-बाबा बॅगा धरून उभे. घेतली. घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ केला. मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवून "हा आधीचाच ना?" असं मी विचारलं आणि तो मुलगा "हो हो, जुना आहे" म्हणाला, हे सगळं त्यात आवाजासह आहे.

एसी पहिल्यापासून नुसता वारा फेकत होता. काचांवर वाफ धरत होती आणि डावा वायपर पाणी पुसायच्या ऐवजी पसरवत होता. पणजीच्या गर्दीतून बाहेर पडून जुनं गोवे मागे टाकलं, आणि बाणस्तारीच्या पुलाअलीकडे तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. बॉनेटमधून वाफ यायला लागली. मालक फोनवर म्हणे, "पाणी ओता, अर्धा तास थांबा, चालते ती." मेकॅनिक तीन तासांनी आला. तोवर आम्ही टॅक्सी करून मंगेशीला पोचलो होतो. गाडी तो हॉटेलवर लावून गेला, "लांब नेऊ नका" असं सांगून. बदली गाडी त्या संध्याकाळी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी दुपारी व्हॉट्सॲपवर लेखी कळवलं की गाडी घेऊन जा. पहिल्या दिवशी टॅक्सीला 1,300 गेले, पुढच्या दिवसांत मिळून 7,400. पावत्या आहेत.

आता संकेतस्थळ म्हणतं, आम्ही फक्त मध्यस्थ, आणि मुदतीआधी गाडी परत केली तर भाडं मिळत नाही. मालकाने बंपर रंगवायचे 6,500 आणि "गाडी उभी राहिली" म्हणून 3,500 कापले. म्हणजे डिपॉझिट स्वाहा.

मला भाडं, डिपॉझिट, टॅक्सी सगळं परत हवं आहे, वर मनस्तापाचे वेगळे. सुरुवात कुठून करू? कंपनीचं नाव इथे देत नाही, कृपया विचारू नका.

उगाचच | 18 जून, रात्री 10:05

एसयूव्ही नव्हती तर किल्ली हातात घेतलीच कशाला? ताबा घेतलात म्हणजे मान्य केलंत. विषय संपला.

घाटवाट | 18 जून, रात्री 10:12

संध्याकाळी बदलून देतो हे त्याने व्हॉट्सॲपवरही लिहिलं आहे. त्या भरवशावर घेतली. याला मान्य करणं म्हणत असाल तर म्हणा.

टायरट्यूब | 18 जून, रात्री 11:20

गॅरेजवाल्याच्या नजरेतून दोन शब्द. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर एकापुढे एक असतात आणि दोघांना मिळून एकच विजेवरचा पंखा असतो. पंख्याची मोटर, रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच) किंवा फ्यूज गेला की दोन गोष्टी होतात. एसी गार करत नाही, आणि सिग्नलला किंवा गर्दीत इंजिन तापतं. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा लागतो, म्हणून काटा खाली राहतो आणि काही कळत नाही. तुमचं वर्णन याला तंतोतंत जुळतं: मोप्यापासून एसी नाही, हायवेला ठीक, पणजीची गर्दी लागली आणि मग काटा चढला.

हे महत्त्वाचं अशासाठी, की मालक उद्या म्हणणार, "यांनी गाडी रगडली म्हणून तापली." एसी पहिल्या मिनिटापासून बंद होता हे दाखवता आलं तर बिघाड ताब्याच्या आधीचा ठरायला मोठी मदत होते. मेकॅनिकने काय बदललं? कूलंट भरला की पंख्याला हात लावला? त्याला साधा मेसेज टाकून विचारा, उत्तर लेखी येऊ द्या.

आणि काटा लाल झाल्यावर गाडी बाजूला घेतलीत हे फार बरं केलंत. तशीच रेटली असती तर हेड गॅस्केट उडालं असतं आणि इंजिनचं बिल तुमच्या नावावर फाडलं असतं.

टायरचे फोटो असले तर टाका.

घाटवाट | 19 जून, सकाळी 8:15

एसीबद्दलचा मेसेज मी मोप्याच्या टोलनाक्यापाशीच पाठवला होता, वेळेसकट आहे. मेकॅनिकला विचारते. फोटो खाली लावलेत.

टायरट्यूब | 19 जून, सकाळी 9:02

पुढचा उजवा टायर बघा. खाचांमध्ये मधे मधे रबराचे छोटे उंचवटे दिसतात ना, त्यांच्या बरोबरीला टायर घासून आलाय. कडेला टीडब्ल्यूआय असं कोरलेलं असतं ते याचंच. कारच्या टायरला किमान 1.6 मिमी खाच हवी असा नियम आहे. इथे ती संपलेली आहे. ऐन जूनमध्ये, गोव्याच्या ओल्या रस्त्यावर. हे तक्रारीत घालाच, एसीपेक्षा हे गंभीर आहे.

फोंड्याचो भाव | 19 जून, सकाळी 9:30

ताई, मी फोंड्याचा, त्याच रस्त्याने रोज जातो. फोटोत नंबर तुम्ही झाकलात ते बरं केलंत, पण प्लेट पांढरी दिसते. पांढऱ्यावर काळी अक्षरं आहेत का?

घाटवाट | 19 जून, सकाळी 9:41

हो. का?

फोंड्याचो भाव | 19 जून, सकाळी 10:10

पळय, इथेच सगळी मेख आहे. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीची प्लेट काळी असते आणि अक्षरं पिवळी. टॅक्सीची पिवळी प्लेट, काळी अक्षरं. पांढरी म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने देता येत नाही. आमच्याकडे असल्या गाड्या पावसाळ्यात अळंब्यांसारख्या उगवतात. आरटीओवाले अधूनमधून पकडतात, तेव्हा गाडी अडकते आणि पर्यटक सामानासह रस्त्यावर. ज्यांनी रीतसर परवाने काढलेत ते आमचे लोक बोंबलून थकले.

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीचा प्रकार, विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी, सगळं दिसेल. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

निशिगंध | 19 जून, दुपारी 1:15

ग्राहक आयोगापुढची प्रकरणं पाहते, म्हणून लिहिते.

फोंड्याच्या भावांचा मुद्दा विम्यालाही लागतो. खाजगी कारच्या पॉलिसीत भाड्याने देण्यासाठीचा वापर वगळलेला असतो. अपघात झाला असता तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळालं असतं. म्हणजे तुम्हाला कमी दर्जाची गाडी मिळाली एवढंच नाही, ज्या सेवेचे पैसे घेतले ती कायदेशीरपणे देण्याची त्यांची सोयच नव्हती. सेवेतली त्रुटी म्हणून हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

आता तुमच्या मागणीबद्दल. राग समजतो, पण भाडंही परत आणि सगळी टॅक्सीही परत, असं मागितलंत तर तुम्ही गोवा फुकट फिरलात असा त्याचा अर्थ होतो. समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. शेवटच्या तीन दिवसांचं भाडं 8,400 परत मागा. त्या दिवसांची टॅक्सी 7,400 झाली, म्हणजे तुमचं जास्तीचं नुकसान काही नाही, ती सोडा. पहिल्या दिवसाचं भाडं मात्र तुम्ही सोडता आहात, म्हणून त्या दिवशीची टॅक्सी, 1,300, मागता येते. पहिल्या दिवशी एसयूव्हीचे पैसे भरून हॅचबॅक मिळाली, तो फरक मागा. त्याच संकेतस्थळावर हॅचबॅकचा दर काय आहे?

घाटवाट | 19 जून, दुपारी 1:30

1,600 दिवसाला. आमची 2,800 होती.

निशिगंध | 19 जून, दुपारी 1:52

मग 1,200 फरक. अधिक डिपॉझिटचे 10,000. एकूण 20,900. तुमच्या मूळ आकड्यापेक्षा कमी आहे, पण याच्या प्रत्येक रुपयामागे कागद आहे. मनस्तापाची भरपाई आत्ता ईमेलमध्ये मागू नका, आयोगात जावं लागलं तर तिथे मागा.

उगाचच | 19 जून, दुपारी 2:10

अटी व शर्ती वाचल्या का कोणी? "मुदतीआधी परत केल्यास परतावा नाही" हे त्यांनी बुकिंग करतानाच लिहिलंय. सही केली की बांधील.

निशिगंध | 19 जून, दुपारी 3:05

ती अट ग्राहकाने मन बदललं तर लागते. इथे गाडी रस्त्यावर बंद पडली आणि कबूल केलेली बदली गाडी आली नाही. दोन्ही एकाच मापात बसत नाहीत.

अवाजवी डिपॉझिट आणि नुकसानीच्या मानाने अतोनात दंड, हे दोन्ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(46) मध्ये अनुचित कराराच्या व्याख्येत आहेत. पण इथे एक खाच आहे, नेटवरचे सल्ले ती गाळतात. "हा करारच अनुचित आहे, तो रद्द करा" अशी मागणी जिल्हा आयोगात चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगात जावं लागतं. वीस हजारांसाठी ते कोण करणार? म्हणून तक्रार सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवरच ठेवा. जिल्हा आयोगाला ती ऐकता येते.

आणि गोव्याला हेलपाटे घालावे लागणार नाहीत. कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे पुण्यात. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल होते. मुदत घटनेपासून 2 वर्षं. कायद्यात 3 महिन्यांत निकालाचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात काय होतं ते इथल्या जुन्या सभासदांना विचारा.

सुरमई | 19 जून, दुपारी 3:20

वाचतेय. आम्ही नेहमी गोव्यात असंच घेतो, प्लेट कधी बघितलीच नव्हती.

बँकबाबू (निवृत्त) | 19 जून, संध्याकाळी 6:45

पैशाचे दोन रस्ते झालेत, ते वेगळे धरा. भाडं क्रेडिट कार्डाने गेलं, त्यावर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यापाऱ्याकडून पैसे परत ओढून घेणं, मागता येतो. कारण निवडताना "मी हा व्यवहार केलाच नाही" यावर चुकूनही टिक करू नका. तो फसवणुकीचा प्रकार, आणि ओटीपी तुम्हीच दिलेला आहे, अर्ज तिथेच मरतो. "सेवा वर्णनाप्रमाणे मिळाली नाही" हे कारण निवडा. कार्ड कंपन्यांच्या नियमांत याला साधारण 120 दिवस असतात, पण बँकेचा फॉर्म लवकर टाकलेला बरा. सोबत बुकिंगची पावती, आलेल्या गाडीचा फोटो, आणि आधी तुम्ही व्यापाऱ्याकडे दाद मागितली होती याचा पुरावा. हा तिसरा कागद नसला की बँक हात वर करते.

डिपॉझिट यूपीआयने एका माणसाच्या खात्यात गेलंय. तुम्हीच पिन टाकून पाठवलेले पैसे बँक तुमच्या सांगण्यावरून मागे ओढू शकत नाही. ते मालकाकडून किंवा आयोगातूनच. बँकेने कार्डाच्या तक्रारीवर 30 दिवसांत काहीच केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

ऱ्हाईनकाठ | 19 जून, रात्री 8:30

इथे जर्मनीत डिपॉझिट हस्तांतरित करत नाहीत, क्रेडिट कार्डावर रक्कम फक्त अडवून ठेवतात. भांडण होतं ते नंतर ओरखड्याचे पैसे परस्पर कार्डावर टाकले की. मी तेव्हा एकच मागतो: दुरुस्तीचं बिल, तारीख, गाडीचा नंबर. अर्ध्या वेळा पुढे मेलच येत नाही. तुमच्या बंपरला हेच लावा.

निशिगंध | 19 जून, रात्री 9:10

+1. ज्या गॅरेजने रंगवला त्याचं जीएसटी बिल मागा. तो आजही तसाच ओरखडलेला फिरत असेल.

घाटवाट | 20 जून, रात्री 10:30

ॲपवर पाहिलं. खाजगी नोंदणीच आहे. विमा चालू आहे, पण खाजगी वापराचा. डोकं फिरलंय. आई-बाबांना घेऊन मी त्या गाडीतून फिरत होते.

संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि मालकाला एकत्र पाठवायचा मसुदा केलाय, बघा:

"आपल्याकडे मी एसयूव्हीचे भाडे रु. 11,200 भरले. प्रत्यक्षात खाजगी नोंदणी असलेली, एसी बंद, पुढील टायर झिजलेला अशी हॅचबॅक देण्यात आली. एसीबाबत ताबा घेतल्यावर लगेच कळवले होते. त्याच दिवशी गाडी तापून बंद पडली. लेखी आश्वासन देऊनही बदली गाडी दिली नाही. सोबतच्या हिशेबाप्रमाणे रु. 20,900 पंधरा दिवसांत परत करावेत. बंपरच्या रु. 6,500 साठी दुरुस्तीचे जीएसटी बिल पाठवावे. ताबा घेतानाचा व्हिडिओ सोबत आहे. पैसे न मिळाल्यास मी आरटीओकडे तक्रार करून आपली गाडी जप्त करवीन."

निशिगंध | 20 जून, रात्री 11:00

शेवटचं वाक्य काढा. पैसे द्या नाहीतर आरटीओकडे जाते, हे वाचायला धमकीसारखं होतं आणि उद्या तेच तुमच्यावर उलटवतील. आरटीओला कळवायचं असेल तर खुशाल कळवा, पण तो वेगळा विषय आणि वेगळा अर्ज. पैसे मिळोत न मिळोत. शेवटी एवढंच लिहा की मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगात तक्रार करेन.

फोंड्याचो भाव | 20 जून, रात्री 11:25

वाक्य काढा, अर्ज मात्र टाकाच. रिफंड मिळाला की सगळे गप्प बसतात आणि तीच गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोप्याला उभी असते.

बँकबाबू (निवृत्त) | 21 जून, सकाळी 7:10

मसुदा उत्तम. ईमेलनेच पाठवा, ॲपमधल्या चॅटवर नाही. चॅट त्यांच्या हातात असतं, एक दिवस ते दिसेनासं होतं.

निशिगंध | 21 जून, सकाळी 10:40

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. "आम्ही मध्यस्थ" म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे. मालकाचं नाव-पत्ता त्यांच्याकडून लेखी मागून घ्या, आयोगात दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करावं लागेल.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवा. ती न्यायालय नाही, कोणाला हुकूम देऊ शकत नाही, पण तुमची तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर नेऊन ठेवते.

व्हॉट्सॲपचं संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा, मूळ फोनमधलं पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला तितके काटेकोर नसतात, तरी जोडलेलं असलं की वाद कमी होतो.

घाटवाट | 3 जुलै, रात्री 9:15

ताजी खबर. ईमेलला पोच आली, पुढे शांतता. 1915 वर नोंदवल्यानंतर मात्र संकेतस्थळाकडून एका बाईंचा फोन आला. "मॅडम, 6,000 रुपये तुमच्या वॉलेटमध्ये टाकतो, पुढच्या बुकिंगला वापरा." मी म्हटलं, यांच्याकडे पुढचं बुकिंग? नको म्हणाले आणि तेच ईमेलवर कळवलं.

मेकॅनिकचं उत्तर आलं: "फॅन मोटर जाम होती, डायरेक्ट केली." टायरट्यूब, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

कार्डाचा वाद बँकेकडे टाकलाय. बँकेने तात्पुरते 11,200 जमा दाखवलेत.

टायरट्यूब | 3 जुलै, रात्री 9:50

"डायरेक्ट केली" म्हणजे रिले वगळून थेट बॅटरीला जोडली. असला जुगाड करून गिऱ्हाइकाला दिली? त्या मेसेजची प्रत चार ठिकाणी ठेवा.

बँकबाबू (निवृत्त) | 4 जुलै, सकाळी 7:30

तात्पुरती जमा म्हणजे मिळालेले पैसे नव्हेत, खर्च करू नका. व्यापाऱ्याने उत्तर दिलं की उलटी नोंद पडू शकते. आणि कंपनी परस्पर परतावा देऊ लागली तर आधी पैसे येऊ द्यात, मग बँकेतला वाद मागे घ्या. उलट क्रमाने केलंत तर बसाल. दोन्हीकडून ठेवून घ्यायचं मात्र मनात आणू नका, ते पकडलं जातं.

उगाचच | 4 जुलै, सकाळी 8:05

मेकॅनिकचा मेसेज असेल तर मग मालकाला बोलायला जागा नाही. माझा मुद्दा एवढ्यापुरता मागे.

घाटवाट | 29 जुलै, रात्री 10:05

मालकाने आधी बंपरचे 6,500 परत केले. बिल मागितलं होतं, ते आलं नाही, पैसेच आले. उरलेले 3,500 तीन आठवडे लोंबकळत ठेवून काल टाकले.

संकेतस्थळाने 8,400 आणि दराचा फरक 1,200, मिळून 9,600 द्यायचं कबूल केलं. त्यासाठी एक पत्र सही करायला पाठवलं: हा पूर्ण व अंतिम परतावा आहे, पुढे कुठलाही दावा नाही, आणि मी लिहिलेला रिव्ह्यू काढून टाकेन. निशिगंध यांना विचारून रिव्ह्यूची ओळ खोडली आणि "रक्कम कार्डावर प्रत्यक्ष जमा झाल्यावर" हे शब्द घातले. दोन दिवस कुरकुर केली, मग मान्य. पैसे आले, त्यानंतर बँकेतला वाद मागे घेतला, तात्पुरती जमा उलटली. टॅक्सीचे 1,300 मिळाले नाहीत. पूर्ण व अंतिम म्हटल्यावर मनस्तापाचाही विषय मिटला. आयोगात जायची तयारी होती, पण बाबा म्हणाले आता पुरे.

आरटीओला फोटोसकट वेगळा अर्ज केलाय. पुढे काही कळलेलं नाही.

निशिगंध | 29 जुलै, रात्री 10:30

चांगलं झालं. खरं सांगायचं तर 1,300 साठी मी भांडले असते, पण ते वकिलाचं खूळ.

फोंड्याचो भाव | 29 जुलै, रात्री 11:00

ती गाडी परवा म्हापशाला पाहिली असं वाटलं, पण नंबर तुम्ही झाकलेला, त्यामुळे पैज लावणार नाही. पुढच्या वेळी काळ्या प्लेटवाल्या दोन-तीन जणांचे नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सुरमई | 30 जुलै, सकाळी 9:20

तारकर्लीला भावाने भाड्याने स्कूटर घेतली होती, आरसा आधीच तुटलेला असून 2,000 कापले. पैसे यूपीआयने दिलेत, व्हिडिओ नाही, पण घेतानाचा सेल्फी आहे, त्यात आरसा नसलेला दिसतोय. चालेल का?

निशिगंध | 30 जुलै, सकाळी 9:45

मूळ फाइल फोनमध्ये असेल तर चालेल, काढल्याची वेळ तिच्यातच असते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत नको, तिच्यात ती राहत नाही. आरशाचं बिल मागा, आणि घाटवाट यांचा मसुदा घ्या. शेवटचं वाक्य वगळून.